ब्लूटूथ बंद ठेवणारा माणूस

प्रमोद वैशंपायनला कधी भेटलात तर "आपण काय करता?" हा प्रश्न तेवढा विचारू नका. तो चिडेल अशातला भाग नाही; चिडणं त्याच्या स्वभावातच नाही. पण तो चष्मा काढेल, शर्टाच्या टोकानं पुसेल, पुन्हा डोळ्यांवर चढवेल आणि तुमच्याकडे अशा नजरेनं बघेल की बाबा रे, तुला माहीत असेल तर तूच सांगून टाक.

पुण्यात असताना त्याला हा प्रश्न अवघड नव्हता. बाणेरला एका छोट्या कंपनीत तो आठ वर्षं ब्लूटूथवर काम करत होता. फोनला वायर न जोडता कानातल्या यंत्रावर बोलता यावं, एका फोनमधला फोटो शेजारच्या फोनमध्ये जावा, यासाठी फोनच्या पोटात जो प्रोग्राम लागतो, तो लिहिणाऱ्या दहाबारा जणांमधला तो एक. त्या काळातले ते हँडहेल्ड आठवतात का? साबणाच्या वडीएवढे जाड, बाजूला खोचलेली प्लास्टिकची काडी, आणि त्या काडीनं पडद्यावर टोचत बसायचं. लोक त्यांनाच स्मार्टफोन म्हणत आणि ऐटीत कमरेला लावून फिरत. त्यांच्यापैकी बऱ्याच फोनांमधलं ब्लूटूथ बाणेरच्या त्या दोन खोल्यांतून गेलेलं असायचं. हे सासऱ्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "असं का? मग दुकान कुठे आहे तुमचं?" सासऱ्यांचं सोडा, पण प्रमोदला स्वतःला पक्कं ठाऊक होतं की आपण काय करतो.

त्याला कळत नव्हती ती एकच गोष्ट. फोन तयार व्हायचा, सगळं झकास चालायचं, आणि मग तो फोन विकणाऱ्या अमेरिकेतल्या नेटवर्क कंपनीकडून निरोप यायचा: फाइल पाठवायची सोय काढून टाका. गाणी ऐकायची सोयही काढा. हेडसेटवर बोलता आलं की पुरे. का, ते कोणी सांगायचं नाही. मॅनेजर म्हणायचा, "कस्टमरची रिक्वायरमेंट आहे, काढा." बाकीचे काढायचे आणि चहाला जायचे. प्रमोदला मात्र वाटायचं, आपलंच काहीतरी कमी पडलं. आपला प्रोग्राम कच्चा असणार, कुठेतरी फोन अडकत असणार, म्हणून तर एवढी मोठी कंपनी नको म्हणते. मग तो शनिवारीसुद्धा ऑफिसात जाऊन तोच भाग तपासायचा, सुधारायचा. पुढच्या मॉडेलला पुन्हा तोच निरोप. आठ वर्षं या माणसानं स्वतःला नापास करून घेतलं, आणि तेही परीक्षकाचं तोंड न बघता.

दोन हजार अकरा साली तो बायकोला आणि मुलीला घेऊन न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडला आला. बायको विभावरी, मुलगी ओवी, नुकतीच शाळेत जायला लागलेली. हिल्सबरोला भाड्याचं घर मिळालं. ओहोटी लागली की स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाडीतला चिखल दिसायचा, भरती आली की पाणी. नोकरी लागली गावातल्याच माउंट वेलिंग्टन भागात, मोठ्या मॉलच्या मागे, एका मोबाइल नेटवर्क कंपनीच्या टेस्टिंग लॅबमध्ये. बाजारात यायच्या आधी प्रत्येक नवा हँडसेट तिथे तपासला जायचा. मुलाखतीत ग्रेम नावाच्या साहेबानं त्याला अर्धा तास फक्त ब्लूटूथबद्दल विचारलं. हा ग्रेम म्हणजे हिवाळ्यातही शॉर्ट्स घालून ऑफिसात येणारा, लाल गालांचा, सदा खुशीत असलेला माणूस. प्रमोद घरी येऊन विभावरीला म्हणाला, "अगं, इथे ब्लूटूथची कदर आहे." बिचाऱ्याला इतका आनंद झाला होता की त्या रात्री त्यानं दोनदा आमटी मागून घेतली.

वर्क व्हिसा मिळाला, आणि काही महिन्यांनी रेसिडेन्सीचा, म्हणजे इथे कायम राहायच्या परवानगीचा, अर्ज केला. नियम असा की तुमच्या कौशल्याची नोकरी तुमच्याकडे असली पाहिजे, आणि ती खरोखर आहे का, हे विचारायला इमिग्रेशनचा माणूस तुमच्या साहेबाला फोन करणार. साहेब नीट बोलला तर घर, शाळा, सगळं आयुष्य इथे. नाही बोलला तर बॅगा भरा. विभावरी पुण्यातली बँकेतली नोकरी कायमची सोडून आली होती आणि इथे लहान मुलांच्या सेंटरमध्ये रुळली होती. ओवी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्लिशमध्ये उत्तर द्यायला लागली होती. परत जायचं म्हणजे कुठे जायचं, हा प्रश्नच होता. त्या एका फोनवर तिघांचं सगळं अडकलेलं होतं.

लॅबमध्ये लागल्यावर पहिल्याच आठवड्यात प्रमोदला एक दोष सापडला. कंपनीचा एक स्वस्त हँडसेट होता, खाली बारीक बटनांचा कीबोर्ड असलेला. त्यात हेडसेट चालत होता, पण ब्लूटूथनं फाइल जात नव्हती. कारखान्यातून आलेल्या तशाच दुसऱ्या फोनमध्ये जात होती. प्रमोदनं शोधून काढलं की कंपनीच्या फोनमध्ये आतली एक सेटिंग बंद राहिली आहे. त्यानं ती चालू केली, फाइल गेली. डोळे चमकवत तो ग्रेमकडे गेला. ग्रेमनं सगळं ऐकून घेतलं, "गुड अ‍ॅज गोल्ड," म्हणाला, "या, नाह, ते असू दे तसंच," म्हणाला, आणि पाठीवर थाप मारून निघून गेला.

आता याचा अर्थ काय लावायचा? शाबासकी दिली की हाकलून लावलं? प्रमोदनं दोन दिवस विचार केला आणि असं ठरवलं की ग्रेमला नीट समजलं नसावं. मग पुढच्या आठवड्यात त्यानं पुन्हा दाखवलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी सविस्तर, चित्र काढून. तेव्हा मात्र ग्रेमनं त्याला खाली कॉफीला नेलं.

"मेट," ग्रेम म्हणाला, "तुझ्या फोननं माझ्या फोनला ब्लूटूथनं फोटो पाठवला, तर कंपनीला काय मिळालं?"

"काही नाही," प्रमोद म्हणाला.

"आणि नेटवर्कवरून पाठवला तर?"

"पैसे," प्रमोद चष्मा पुसत म्हणाला.

"शिवाय दोन फोन जुळले नाहीत की लोक हेल्पलाइनला फोन करतात, आणि अर्धा अर्धा तास डोकं खातात. बाकीच्या कंपन्यांनी हे सोडून दिलंय, आमचे वरचे लोक अजून धरून बसलेत. म्हणून ते बंद. तुला घेतलं ते याचसाठी. बंद आहे की नाही, हे तुझ्याइतकं चांगलं कोण तपासणार? सगळे दरवाजे तुला ठाऊक आहेत. स्वीट अ‍ॅज?"

प्रमोद "स्वीट अ‍ॅज" म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत 'ठीक आहे', कारण दुसरं काय म्हणतात ते त्याला माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी तो घरी आला आणि बूट न काढताच सोफ्यावर बसला. आठ वर्षं ज्या गोष्टीसाठी स्वतःला दोष दिला ती दोषाची गोष्टच नव्हती. प्रोग्राम उत्तम होता. उत्तम होता म्हणूनच नको होता. याचा आनंद मानायचा की दुःख, हेच त्याला कळेना. खरं सांगायचं तर मलाही कळत नाही. विभावरीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तुला पगार ब्लूटूथ बंद ठेवायचा मिळतो?"

"तपासायचा," प्रमोद म्हणाला.

"बंद आहे का ते तपासायचा."

"हो."

"बरं," विभावरी म्हणाली, "रेसिडेन्सी होईपर्यंत ठेव बाबा बंद. नंतर बघू."

आणि त्यानं ठेवलं. वर्षभर, मॉडेलमागून मॉडेल. एवढ्या सचोटीनं तपासणी त्या लॅबमध्ये आधी कोणी केली नसेल. ग्रेम त्याला कौतुकानं 'मिस्टर ब्लूटूथ' म्हणायचा, आणि प्रत्येक वेळी प्रमोद ओशाळून हसायचा.

इथे बाळासाहेब शेलारांची ओळख करून द्यायला हवी. बाळासाहेब साताऱ्याच्या जिल्हा परिषदेतून कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले. मुलगी विनिता हिल्सबरोलाच दोन गल्ल्या सोडून राहायची, तिच्याकडे ते आले होते. उंचेपुरे, खणखणीत आवाजाचे, आणि कोणाबद्दल चांगलं वाटलं की ते चारचौघांत बोलून दाखवल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही, असे. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरती म्हणायचं काम आपोआप त्यांच्याकडे आलं होतं. मंडळातली मंडळी आरत्या म्हणताना पहिलं कडवं जोरात, दुसरं हळू आणि तिसरं नुसत्या टाळ्यांवर निभावून नेतात, हे बघून बाळासाहेबांचा जीव कासावीस झाला. त्यांनी सगळ्या आरत्या स्वतःच्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून, फोनवर रेकॉर्ड केल्या. आता या सगळ्यांच्या फोनमध्ये जाणार आणि यंदा हॉल दणाणणार.

दोन हजार बाराचा ऑगस्ट होता, म्हणजे इथला हिवाळा. हॉलमध्ये कोपऱ्यात हीटर लावलेला, बायका मखराला कागदाची फुलं चिकटवत होत्या. बाळासाहेब एका हातात स्वतःचा फोन आणि दुसऱ्या हातात दमयंती जोशीबाईंचा फोन घेऊन, दोन्ही फोन पाठीला पाठ लावून उभे होते. भारतात तेव्हा सगळे असंच करायचे. गाणं हवं असलं की "ब्लूटूथ कर ना" म्हणायचं आणि फोन जवळ धरायचे. इंडियाचे कॉल स्वस्त पडतात म्हणून मंडळातल्या घराघरात प्रमोदच्याच कंपनीचा तो कीबोर्डवाला हँडसेट होता. व्हॉट्सअ‍ॅप अजून मंडळात पोचलं नव्हतं. बरं, नेटवर्कवरून पाठवावी म्हटलं तर आरती मोठी, तिथे मावत नव्हती. म्हणजे फुकट जाऊ द्यायचं नाही, आणि पैसे देतो म्हटलं तरी जात नाही, असा हा कारभार.

"प्रमोद, अरे तू यातलाच ना?" बाळासाहेबांनी हाक मारली. "बघ जरा. जातच नाही."

"ते बंद आहे, काका."

"कोणी केलं बंद?"

"कंपनीनं," प्रमोद म्हणाला.

"आँ? विकत घेतलेल्या फोनमध्ये? आणि हे तपासत नाही का कोणी?"

प्रमोदनं बाळासाहेबांच्या हातातले दोन्ही फोन घेतले. एक लांबलचक आकडा दाबला की आतला मेनू उघडतो, तिथल्या एका ओळीपुढे खूण करायची, फोन बंद करून चालू करायचा. लॅबमध्ये तो हेच रोज उलट करायचा. पाचेक मिनिटांत बाळासाहेबांचा खणखणीत आवाज जोशीबाईंच्या फोनमधून बाहेर पडला, आणि फुलं चिकटवणाऱ्या बायका टाळ्या वाजवायला लागल्या.

झालं. त्या दिवसापासून वैशंपायनांच्या घराला पोस्ट ऑफिसची कळा आली. संध्याकाळी जेवायच्या आत कोणी ना कोणी दारात उभं. "वहिनी, आहेत का हो ते? जरा फोन दाखवायचा होता." आपली माणसं रिकाम्या हातानं येत नाहीत, कोणी चकल्या आणल्या, कोणी अंगणातली लिंबं, कोणी ओवीसाठी फ्रॉक. प्रमोद चहासुद्धा स्वतःच करून पाजायचा आणि एकेक फोन उघडून द्यायचा. दिवसा माउंट वेलिंग्टनला बंद, संध्याकाळी हिल्सबरोला उघड. आपण हे काय करतोय, ते त्याला कळत नव्हतं असं नाही, पण दोन्ही कामं तो तेवढ्याच मन लावून करायचा, आणि कुठलं काम खरं, असं कोणी विचारलं असतं तर पुन्हा चष्मा पुसायला लागला असता. एवढं मात्र खरं की संध्याकाळी तो आनंदात असायचा. त्याचं ब्लूटूथ आयुष्यात पहिल्यांदा माणसं वापरताना दिसत होती.

विभावरीला मात्र धडकी भरली होती. "अरे, इमिग्रेशनचा फोन कधीही येईल. ग्रेमला कळलं तर?"

"त्याला कोण सांगणार?" प्रमोद म्हणाला.

गणपती दणक्यात झाला. तिसरी कडवीसुद्धा हॉलभर घुमली. प्रसादाच्या पंगतीत विभावरीनं विनिताला सहज सांगितलं की आता सगळं प्रमोदच्या साहेबाच्या हातात आहे, तो नीट बोलला म्हणजे मिळवलं. विनिताच्या शेजारी बाळासाहेब मोदक खात होते. त्यांनी मोदक संपवला, हात धुतले, आणि त्यांच्या मनात काय आलं ते कोणाला सांगितलं नाही.

पण ते ओळखायला अवघड नाही. सरकारी ऑफिसात हयात घालवलेल्या माणसाला एक गोष्ट पुरती ठाऊक असते: माणूस कितीही चांगला असला तरी साहेबांच्या कानावर कोणीतरी घालावं लागतं. बदली असो, बढती असो, चार वजनदार लोकांनी जाऊन "तुमचा अमका फार चांगला हो" म्हटलं की साहेबाचं मन वळतं. प्रमोद पडला भिडस्त, तो स्वतः काय सांगणार? आपण मंडळातले वडीलधारे आहोत. मग आपणच जायला नको?

पुढच्या मंगळवारी, भर अकरा वाजता, रिसेप्शनवरच्या मुलीनं लॅबमध्ये फोन केला की मिस्टर ब्लूटूथचे अंकल आलेत आणि त्यांना ग्रेमला भेटायचंय.

प्रमोद खाली धावला. बघतो तर बंद गळ्याचा कोट, खाली मोजे आणि मोज्यांवर सँडल्स घातलेले बाळासाहेब, दोन बस बदलून आलेले. हातातल्या पिशवीतून त्यांनी शाल काढली होती, टेबलावर नारळ ठेवला होता, शेजारी विनितानं दूध पावडरचे केलेले पेढे. ग्रेम आधीच येऊन पोचला होता आणि अगदी खुशीत मान वाकवून उभा होता, कारण त्याला वाटलं, ही काहीतरी भारतीय रीत आहे. ती होतीच म्हणा. बाळासाहेबांनी त्याच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, आणि भाषण सुरू केलं.

"सर, युअर मिस्टर वैशंपायन इज अ जेम ऑफ अ पर्सन. अवर होल मंडळ, ऑल फोन्स, ब्लूटूथ वॉज क्लोज्ड. ही ओपन्ड. एव्हरी इव्हिनिंग, इन हिज ओन हाउस. नथिंग ही टूक, सर. इव्हन टी, ही गिव्हज अस!"

प्रमोद पुढे झाला, "काका, काका," म्हणाला. पण बाळासाहेब रंगात आले होते. त्यांनी स्वतःचा फोन काढला, प्रमोदच्या खिशातला फोन ओढून त्याला टेकवला, दोन्हींची बटनं दाबली आणि ग्रेमला म्हणाले, "सी, सर. फर्स्ट क्लास." ब्लूटूथ बंद ठेवणाऱ्या कंपनीच्या त्या चकचकीत दालनात प्रमोदच्या फोनमधून आरती सुरू झाली. रिसेप्शनची मुलगी ताल धरायला लागली.

त्या क्षणी प्रमोदला काय वाटलं, ते त्यानं पुढे विभावरीला सांगायचा प्रयत्न केला, पण त्याला जमलं नाही. तो भ्यायला होता. सगळं संपलं हे त्याला दिसत होतं. आणि तरीही, इतक्या वर्षांत कुठल्याही साहेबाला कोणी असं उभं राहून सांगितलं नव्हतं की या माणसाचं काम फर्स्ट क्लास आहे. ते ऐकून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते भीतीचं की आनंदाचं, याचा त्याला काही केल्या उलगडा होईना.

ग्रेमनं पेढा खाल्ला, बाळासाहेबांचा हात हातात घेऊन हलवला, त्यांना बसस्टॉपपर्यंत पोचवून आला. मग शाल तशीच खांद्यावर ठेवून त्यानं प्रमोदला खोलीत बोलावलं. खिडकीतून पार्किंगकडे बघत तो म्हणाला, "तुझे अंकल ग्रेट आहेत."

"हो," प्रमोद म्हणाला.

"हीप्स फोन उघडलेस वाटतं?"

"हो. बरेच."

ग्रेमनं खांद्यावरची शाल सारखी केली. "ते सगळे फोन होते तसे झाले तर बरं होईल, एह," तो म्हणाला. "आणि हो, तुझ्या इमिग्रेशनवाल्यांचा ईमेल आलाय. पुढच्या सोमवारी मला फोन करणार आहेत. नो वरीज." आणि नारळ काखेत मारून तो जेवायला गेला.

घरी येईपर्यंत प्रमोदचं डोकं बधिर झालं होतं. "मला कळतच नाहीये," तो विभावरीला म्हणाला. "रागावला नाही. आवाज चढवला नाही. 'बरं होईल' म्हणाला, 'नो वरीज' म्हणाला. म्हणजे सोडून दिलं का? की ताकीद दिली? की त्याचं आपलं एक मत सांगितलं?"

टेबलाशी चित्र रंगवणाऱ्या ओवीनं मान वर केली. "बाबा, आर यू इन ट्रबल?"

"आमच्या सेंटरची मॅनेजर रोज म्हणते," विभावरी शांतपणे म्हणाली, "खेळणी उचलली गेली तर बरं होईल. तेव्हा आम्ही त्यावर चर्चा करत बसतो का? उचलतो. इथे हुकूम असाच देतात, प्रमोद. सोमवारच्या आत सगळे फोन बंद करायचे."

तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं आणि एकेका घरी फोन लावायला सुरुवात केली. लपवाछपवी केली नाही. रविवारी सकाळी हॉलवर फोन घेऊन या, प्रमोदच्या रेसिडेन्सीचा प्रश्न आहे, एवढंच सांगितलं.

रेसिडेन्सी मिळाली, हे मी आत्ताच सांगून टाकतो, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. ग्रेम सोमवारी फोनवर वीस मिनिटं बोलला आणि असं काही बोलला की इमिग्रेशनच्या बाईंनी पुढे एकही प्रश्न विचारला नाही. दोनएक वर्षांनी कंपनीनं स्वतःच सगळ्या फोनांवरचं ब्लूटूथ खुलं केलं, दुकानादुकानांत मोठमोठे बोर्ड लावून, जणू शोध त्यांनीच लावला. आणि ते बंद आहे का हे तपासायचं कामच उरलं नाही, म्हणून प्रमोदला चार्जर तपासायला बसवलं. आज तो ऑकलंडमध्येच अल्बनीला स्वतःच्या घरात राहतो, सुखात आहे, आणि अजूनही त्याला नक्की सांगता येत नाही की आपण जिंकलो का हरलो. पण हे सगळं नंतरचं. मला सांगायचंय ते त्या रविवारचं.

झाडून सगळे आले होते. प्रमोद एका घडीच्या टेबलाशी बसला होता आणि समोर रांग लागली होती, जशी प्रसादाला लागते तशी. कोणी का म्हणून विचारलं नाही. अबोली नावाची एक मुलगी, इथे शिकायला आलेली आणि आता फार्मसीत लागलेली, "दादा, माझा आधी कर, मला शिफ्टला जायचंय," म्हणत पुढे घुसली. जोशीबाई म्हणाल्या, "आरत्या आल्यात ना माझ्याकडे, आता बंद झालं तर झालं." प्रमोद प्रत्येक वेळी "सॉरी हं" म्हणायचा, आकडा दाबायचा, खूण काढायचा आणि फोन परत द्यायचा. आपल्याच हातानं उघडलेलं तो आपल्याच हातानं एकेक करून मिटवत होता, आणि समोरचा माणूस मात्र "होईल रे तुझं काम" म्हणून त्यालाच धीर देऊन जात होता.

बाळासाहेब सगळ्यांत शेवटी उभे होते. पाच दिवसांत त्यांनी घरातून पाय बाहेर टाकला नव्हता. विनितानं त्यांना समजावून सांगितलं होतं, पण ते त्यांच्या गळी उतरत नव्हतं.

"प्रमोद, मी खोटं बोललो का रे?" त्यांनी विचारलं. नेहमीचा तो आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"नाही, काका. एक शब्दही नाही."

"चांगल्या माणसाला चांगलं म्हटलं. साहेबाला राग येईल असं त्यात काय होतं, ते मला अजून कळलं नाही."

"मलाही नाही कळलं," प्रमोद म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं.

हॉल रिकामा होत आला होता. विभावरी दाराशी कोणाशी तरी बोलत होती. प्रमोदनं इकडे तिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "काका, तुमचा एक राहू दे. घरी विनिताच्या लॅपटॉपवर गाणी पाठवा, आरत्या पाठवा. एका फोननं काय होतंय? कोणाला कळणार नाही."

बाळासाहेबांनी मान हलवली.

"नको," ते म्हणाले. "उद्या कोणी विचारलं, काय हो, तुमचाच कसा काय चालतो, तर मी तुझं नाव सांगेन. माझ्याच्यानं सांगितल्याशिवाय राहवणार नाही रे."

त्यांनी फोन प्रमोदच्या हातात ठेवला आणि तो बंद करून होईपर्यंत ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.